केळीच्या पानातला वाढदिवस

भूषणचा वाढदिवस तोंडावर आला आणि माझी झोप उडाली. वर्गात वाटायचा खाऊ बांधायचा कशात?

त्या सुमारास, म्हणजे नव्वद-एक्याण्णव साली, आमच्या देवपुरात रंगीत प्लास्टिकच्या पिशव्या नव्यानेच आल्या होत्या. तोवर वाणी रद्दी कागदाची पुडी बांधायचा, वर टांगलेल्या रिळाचा दोरा तिच्याभोवती गर्रकन फिरवायचा. तेलाला घरून किटली न्यायची. पुडीचा तो दोरासुद्धा आम्ही जपून गुंडाळून ठेवत असू. आता मात्र शेजारच्या सुंदरबाईंच्या नातवाने वर्गात चकचकीत पिशव्या वाटल्या होत्या. त्यातल्या निम्म्या आमच्या गटारीत अडकल्या आणि पाणी थेट ओट्यावर!

पिशव्या आणाव्यात तर गटार तुंबणार, न आणाव्यात तर वर्गात पोराचं हसं होणार. (बाकी आया असल्या गोष्टींवर इतका विचार करतात की नाही, मला अजून कळलेलं नाही.) शेवटी मी ह्यांना म्हटलं, "चोपड्याला चाललाच आहात, तर मळ्यातून केळीची पानं आणा."

"जेवणावळ आहे का?"

"पॅकिंग आहे."

हे हसत निघाले. पण पानं आली. मी ती विस्तवावर शेकून मऊ केली, त्यात गुळाच्या पुऱ्या गुंडाळल्या आणि केळीच्याच सोपटाच्या दोऱ्याने बांधल्या. काय देखण्या, हिरव्यागार पुड्या! चव बघायची मात्र त्या गडबडीत राहूनच गेली. मुलापेक्षा मीच जास्त ऐटीत त्याला शाळेत सोडून आले.

दुपारी भूषण परतला आणि पाठोपाठ सुंदरबाई. हातात नातवाला मिळालेली पुडी, न सोडलेली.

"काय व माय, शिकेल-सवरेल बाई शे ना तू? कानबाईना रोट कोनी बाहेर वाटस का?"

"रोट कुठले? वाढदिवसाच्या पुऱ्या आहेत हो!"

"मंग वर्गना बठ्ठा पोरे खोटं बोली ऱ्हायनात का?" पुडी ओट्यावर ठेवून, हात जोडून त्या निघून गेल्या.

आदल्याच दिवशी कानबाई देवीचं विसर्जन झालं होतं. तिच्या प्रसादाचे रोट, म्हणजे गुळाच्या जाड पुऱ्यांसारखेच, भाऊबंदांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, हे खानदेशात सून म्हणून आल्यावर मलाही कळलं होतं. मी भूषणची कापडी थैली उघडली. पुड्या जशाच्या तशा! वर्गाच्या बाईंनीसुद्धा आपली परत केलेली.

पोराचं हसं होऊ नये म्हणून एवढा आटापिटा, आणि त्याच्या वाढदिवसाचा खाऊ कुणी हातात धरायला तयार नाही! मी त्याला जवळ घेतलं. "रडलास का रे राजा? रोट आहेत म्हणून कुणी उठवलं?"

भूषण शांतपणे बुटाची नाडी सोडत म्हणाला,

"मीच सांगितलं. वाटायच्या आधी तुझी एक पुरी खाऊन बघितली होती."