पांडोबांची बॅटरी-रूम

पांडोबा आधी माणसाचा वास घ्यायचे, मग रामराम करायचे. बॅटरी-रूमच्या दारात ते स्टूल टाकून बसलेले असत. विडीचा वास आला, की खिसे उलटे करायला लावत आणि काडेपेटी काढून घेत. मी जन्मात विडी ओढली नाही, तरी रोज माझे खिसे तपासले जायचे. "आवं ऑपरेटर, पहारा म्हंजी पहारा. बाप आला तरी तपासायचा." ते पूर्वी लष्करात होते, हे त्यांनी कुणाला विसरू दिलं नाही.

उंब्रजजवळच्या आमच्या सबस्टेशनात त्या एका खोलीत ॲसिडनं भरलेल्या काचेच्या सेलच्या रांगा होत्या. सगळी वीज गेली, तरी बिघडलेली लाइन तोडायची ताकद याच बॅटरीतून यायची. काम महत्त्वाचं, हे मलाही मान्य. पण पांडोबांनी तिची पार म्हैस करून टाकली होती. सेलमध्ये पाणी भरायचं म्हणजे 'पाजायचं'. चार्जिंगला लावली, की 'जरा रवंथ करू द्या'. व्होल्टेज उतरलं, की 'आज तिचं अंग मोडून आलंय'. ॲसिडनं त्यांच्या सदऱ्याची चाळण झालेली, आणि तोच सदरा घालून ते लोकांच्या लग्नाला जात.

तेव्हा वीज वरचेवर जायची. कॉलनी अंधारात आणि कंट्रोल रूममध्ये मात्र बॅटरीवरचा दिवा चालू, हे बघून बायकांचा जळफळाट व्हायचा. तिथून एक वायर क्वार्टरपर्यंत ओढा, म्हणून माझ्या बायकोनं माझं डोकं खाल्लं. शेवटी मी पांडोबांना विचारलं. ते म्हणाले, "दुभती हाय म्हणून काय समद्या गावानं पिळायची?" आता हे उत्तर घरी जाऊन मी सांगायचं होतं.

कहर झाला तो खंडेनवमीला. नव्या साहेबांच्या पत्नी पूजेचं ताट घेऊन निघाल्या. ट्रान्सफॉर्मरला हळदकुंकू झालं, पॅनेलला फूल वाहिलं. बॅटरी चार्जिंगवर होती. बाई पेटतं निरांजन घेऊन दारात पाऊल टाकणार, तोच पांडोबा उठले आणि त्यांनी ते फुंकून विझवलं. तोंडानं. सणाच्या दिवशी, सवाष्णीच्या हातातलं.

चार्ज होताना बॅटरीतून गॅस सुटतो आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण 'बाई, बाहेर थांबा' म्हणायला काय जीभ झडली होती? बाई रडत घरी गेल्या. साहेबांनी बजावलं, माफी मागा, नाहीतर आटपाडीला बदली. आणि मिटवामिटवीचं लोढणं माझ्या गळ्यात.

मी हातापाया पडलो. पांडोबांचं एकच, माफी कशाची? बाई जित्या हायत, हे लय झालं. बदलीचा कागद टाइप होतोय म्हटल्यावर मात्र त्यांनी वळून बॅटरीकडं बघितलं. मग म्हणाले, "माझ्यामागं हिला कोन बघंल?" मी वैतागून म्हणालो, मग चला मुकाट्यानं.

संध्याकाळी बंगल्यावर गेलो. बाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या. आम्हाला बघून त्यांचा काडी ओढणारा हात थांबला. पांडोबा वहाणा काढून अंगणाच्या कडेला उभे राहिले.

"लावा, बाईसाब. हितं मोकळी हवा हाय. तवा बोलाया सवड न्हवती, म्हणून फुंकला. चुकलं माझं."

बाईंनी दिवा लावला. मग म्हणाल्या, बदलीचं मी बघते, तुम्ही निर्धास्त जा. माझा जीव भांड्यात पडला. पण पांडोबा जाण्याऐवजी पायरीवरच बसले. मी खुणा करून दमलो, तरी उठेनात.

"तुमी व्हा म्होरं, ऑपरेटर," ते दिव्याकडं बघत हळूच म्हणाले. "कारभारीण गेल्यापास्नं तुळशीफुडं दिवा लावल्याला बघितला न्हाई. जरा बसतो."

एवढा छळवादी माणूस. पण मी पुढं गेलो नाही. त्यांच्याशेजारी बसून राहिलो.