टिंबर, लंबर आणि मांडवगणची तुळई

साधं छप्पर लाकडावर उभं राहतं, सरकारी छप्पर शब्दावर. हे ज्यांना उमगत नाही, त्यांचं काम पक्कं असतं आणि कागद कच्चे.

मांडवगण फराट्याचे गेणबा सुतार त्यांपैकीच. साठी उलटलेली, हात सोन्याचा, शब्दसंपत्ती बेताची. गावच्या अंगणवाडीची तुळई, म्हणजे ज्या आडव्या लाकडावर सगळे वासे टेकतात ती, वाळवीनं खाल्ली आणि मधोमध वाकली. सेविका सुलक्षणाताईंनी एकवीस पोरं उचलून मारुतीच्या पारावर बसवली. (पाराला छप्परच नसल्यानं ते पडण्याचा धोका नव्हता.) दगडाबाईंनी वादळात पडलेली बांधावरची बाभूळ फुकट देऊ केली. गेणबांनी मजुरी सोडली. आता फक्त परवानगी राहिली, म्हणजे सगळंच राहिलं.

अर्ज एका ओळीचा होता : ‘तुळईसाठी लाकूड बसवू द्यावं.’

शिरूरच्या कार्यालयातले इंद्रजीत साहेब तरुण आणि अभ्यासू. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, “आबा, लाकूड ही संज्ञा आपल्या नमुन्यात नाही. लाकूड तर सरपणालाही म्हणतात. इंग्रजी शब्द टाका.”

गेणबांनी नातीला विचारून ‘वूड’ लिहिलं. वूड म्हणजे जंगलही, म्हणून अर्ज जंगलाच्या खात्याकडं गेला. (अंगणवाडीत बिबट्या आहे काय, अशी विचारणा आली. सुलक्षणाताईंनी ‘अद्याप नाही’ असं कळवलं.) मग ‘बीम’ लिहिलं. बीम म्हणजे प्रकाशझोतही, म्हणून विजेचा माणूस येऊन बल्ब तपासून गेला. बल्ब नव्हता, तशी नोंद झाली. तिसऱ्या खेपेला ‘टिंबर’ लिहिलं, कारण तळेगाव ढमढेऱ्याच्या वखारीवर तशी पाटी होती.

टिंबरनं मात्र कार्यालय खडबडून जागं झालं. दौंडच्या बापूसाहेबांचं तज्ज्ञ मत मागवलं गेलं. बापूसाहेबांनी रेल्वेत तीस वर्षं स्लीपर मोजले होते. (रुळाखालचे, पायातले नव्हेत.) त्यांनी तीन पानी मत दिलं : चिरलेल्या लाकडाला विलायतेत टिंबर म्हणतात आणि अमेरिकेत लंबर; अमेरिकेत टिंबर म्हणजे उभं झाड. सबब अर्जदार छपरावर उभं झाड चढवणार काय, याचा खुलासा व्हावा.

साहेबांनी गेणबांना बोलावून घेतलं. “आबा, काम झालंच म्हणून समजा. फक्त लंबर द्या.”

“लंबर?” गेणबांचा जीव भांड्यात पडला. “माझा चालंल का?”

“तुमचाच पाहिजे. दुसऱ्याचा कसा चालेल?”

“मग आधीच सांगायचं की, साहेब. दोन महिने कशापायी घालवलं?”

त्यांनी तिथंच एका कागदावर आपल्या मोबाइलचे दहा आकडे ठळक लिहिले आणि आवक खिडकीवर दिले. खिडकीतल्या बाईंनी नोंद केली : लंबर प्राप्त. आता, लंबर मिळाला म्हणजे साहित्य पोचलं आणि साहित्य पोचलं म्हणजे काम झालं. आठवड्यात दाखला आला : ‘तुळई बदलण्यात आली असून बालके छपराखाली सुरक्षित आहेत.’

बालके तेव्हा पारावर उन्हात होती. सुलक्षणाताईंनी दाखला गेणबांना वाचून दाखवला. “आबा, आता काय करायचं हो?”

गेणबांनी वाकलेल्या तुळईचं माप दोरीनं घेतलं. “कागदावर बसलीच हाय, ताई. आपण खरी बसवली तर कुणाला कळायचं न्हाई.”

रविवारी आठ जणांनी खांदा देऊन बाभूळ वर चढवली. सोमवारी पोरं आत बसली. सुलक्षणाताईंनी नव्या तुळईकडं बोट केलं आणि पोरांना शिकवलं, “म्हणा, बीम.”

गेणबांनी रंधा पिशवीत घातला.

साहेबांना तुम्ही हसलात, ते योग्यच. टिंबर आणि लंबर यांतला फरक आता तुम्हाला पाठ झालाय. तुळई म्हणजे काय, तेही वर सांगितलं होतं. आठवत नसेल तर लाजू नका. गेणबांचा लंबर कार्यालयात आहे.