मोकलांची तांबडी गाडी

आमचे मोकल माणसांची तब्येत इंजिनासारखी ऐकतात. मी जिन्यात खोकलो की वरून आवाज येणार, "मास्तर, खोकला न्हाय तो. तुमचा कार्बोरेटर तुंबलाय." माझ्या सासूबाई धापा टाकत आल्या, तेव्हा त्यांनाही फिल्टर साफ करून घ्यायला सांगून झालं.

पनवेलच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर मी आणि माझ्या डोक्यावर मोकल. त्यांची नोकरी बंदरात, क्रेन चालवायची. तिथला एक परदेशी साहेब मायदेशी जाताना आपली छोटी, तांबडी, दोन दारांची गाडी यांच्या गळ्यात मारून गेला. "दिसाया डबा हाय, पन जात रेसची हाय. घाटात भल्याभल्यांना मागं टाकील," असं मोकल सांगायचे. मी तिला घाटात कधी पाहिली नाही. फाटकापर्यंत पाहिली आहे, तीही मागून, कारण मी ढकलत होतो.

दर रविवारी नऊला अंगणात पाने, जॅक आणि फडकी म्हणून जुने बनियन पसरले जायचे. गॅरेजवाल्याला मोकलांनी कधी हात लावू दिला नाही. "ते पान्यानं बघतात, आमी कानानं." मग शेजारचे साठे चावी फिरवणार, मी, मोकल आणि इमारतीतले आणखी दोघे बॉनेटवर वाकणार, गाडी दोन फटाके फोडून गप्प होणार. मोकल बोट वर करून म्हणायचे, "आवाज आयका!" मला फक्त माझ्या कमरेचा ऐकू यायचा.

या सगळ्यावर वरच्या गॅलरीतून मोकलवहिनींची देखरेख असे. पाय मोडल्यापासून त्यांचं जिना उतरणं बंद झालं होतं. खुर्चीत बसवून उतरवतो म्हटलं की म्हणायच्या, "मी काय गनपती हाय मिरवाया?" पण रविवारी त्यांना जोर चढायचा. "अवो, साठ्यांना बाजूला घ्या, धोतर अडकंल!" मग दोरीला बांधलेल्या पिशवीतून चहाची किटली हेलकावे घेत खाली यायची. "मास्तर, बिनसाखरेचा गिलास येगळा हाय!"

पण माणूस किती रविवार ढकलणार? सगळेच वैतागले होते. शेवटी इमारतीची सभा झाली आणि ठरलं, येत्या रविवारी गाडी चालू झाली नाही तर ती भंगारात द्यायची.

त्या रविवारी सकाळी मी दूध आणायला निघालो, तर अंगणातून इंजिनाचा आवाज आला. एकसारखा, मऊ. तांबडी चालू होती! मोकलांनी ती बंद केली, बॉनेट उघडलं आणि प्लगच्या दोन वायरी काढून एकमेकींच्या जागी बसवल्या. हात अगदी सवयीने चालले होते. मग त्यांना मी दिसलो.

"म्हणजे ही बिघडलेली नाही?"

"दिवालीपासून नीट हाय."

दिवाळीपासूनचे माझे सगळे रविवार डोळ्यांपुढून गेले. मी चिडून म्हणालो, "अहो, आज तरी नीट ठेवा! भंगारवाला येणार आहे."

मोकलांनी वर गॅलरीकडे पाहिलं. "चालू झाली तर तुमी सगले घरी जाल, मास्तर. मंग तिनं बघायचं काय? आठवडाभर रविवारची वाट बघतं ते मानूस. आनि नाय चालू झाली, तर गाडीच जाईल." हातातलं फडकं ते पिळत राहिले. "आज मला कायच आयकू येत नाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "वायरी जागेवर लावा," एवढंच म्हणालो.

नऊ वाजता साठ्यांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. टाळ्या झाल्या, किटली उतरली, भंगारवाला परत गेला. "सुटलो बुवा एकदाचे," म्हणत मंडळी पांगली. वहिनींनी रिकामी पिशवी वर ओढून घेतली आणि रिकाम्या अंगणाकडे बघत बसल्या. मोकल पुसलेलं बॉनेट पुन्हा पुसत होते. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी मी जुना बनियन घालून साठ्यांचं दार वाजवलं.

"मोकलांच्या गाडीचा आवाज मला बरोबर वाटत नाही."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"या तर खाली."

बाकीच्या दोघांनाही उठवून आणलं. मोकल गोंधळून माझ्याकडे बघत होते. मी त्यांना गाडी चालू करायला लावली. ती सुरेख चालत होती. मी बॉनेटवर वाकलो आणि बोट वर केलं.

"आवाज ऐका!"

साठ्यांनी बराच वेळ कान लावला. मग गंभीरपणे मान हलवून म्हणाले, "खरंच हो. काहीतरी खरखरतंय."

मोकलांनी तोंड फिरवून फडक्याने डोळे पुसले. वरून वहिनी ओरडल्या, "अवो, साठ्यांचं धोतर सांभाला!" आणि पिशवी खाली येऊ लागली.