ओसंडल्याचे कळून आल्यास

माणूस काय खातो ही त्याची खाजगी बाब आहे. त्याचं पुढे काय होतं ही मात्र सार्वजनिक बाब आहे. या दोन बाबींना जोडणारी जी नळी जमिनीखालून जाते, तिच्यावर संस्कृती उभी असते. कधीकधी संस्कृती झाकण उचलून वर येते. त्यासाठी नियम असतात.

कोलकात्यातल्या एका मंडळाचे असे नियम आहेत. मंडळाचं नाव आम्ही देत नाही, कारण ते इतकं लांब आहे की खुद्द मंडळही पत्रावर त्याची आद्याक्षरंच छापतं. कचेरी सॉल्ट लेकमध्ये, चौथ्या मजल्यावर आहे. (गटाराचं काम उंचावरून चांगलं दिसतं.) नियमांचं नाव 'मलजल ओसंड प्रतिबंध व प्रतिवेदन नियम'. मूळ इंग्रजीत आहेत. मराठीत वास जरा जास्त येतो, त्याबद्दल क्षमस्व. त्यांचा गाभा असा : सार्वजनिक वाहिनीतून मैलापाणी बाहेर आल्याचं जबाबदार अधिकाऱ्याला कळलं, की एका दिवसाच्या आत त्याने ते वर कळवावं. किती आलं, का आलं, कुठे गेलं आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय केलं, हेही लिहावं.

उत्तर विभागाचे जबाबदार अधिकारी होते सलील उकिडवे. मूळचे नाशिकचे, प्रतिनियुक्तीवर आलेले. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून त्यांनी बागबाजारच्या एका गल्लीत तळमजला भाड्याने घेतला होता, आणि क्वार्टर मिळत नसल्यामुळे तिथेच राहिले होते. बागबाजारला मराठी माणूस नवा नाही. पूर्वी मराठे येणार या भीतीने तिथून एक मोठा खंदक खणायला घेतला होता. मराठे आले नाहीत. आता आले ते बदलीवर, आणि गटारखात्यात.

उकिडवे सज्जन आणि नियमाचे पक्के. पत्नी रजनीताई, आणि आठवीतली मुलगी सुरुची. सुरुचीचं बालपण इथेच गेल्यामुळे तिच्या मराठीत बंगालीचं पाणी शिरलं होतं. बंगाल्यांप्रमाणे ती पाणीसुद्धा 'खात' असे. नाशिकला रजनीताईंची आई एकटी होती आणि डोळ्याचं ऑपरेशन जावयाची बदली होईपर्यंत पुढे ढकलत होती. जावयाची बदली एकाच मार्गाने शक्य होती. ज्याच्या विभागात वर्षभर एकही ओसंड नोंदला जात नाही, त्याला मागेल ते गाव, असं मंडळाचं प्रोत्साहनपर परिपत्रक होतं.

प्रतिबंध दोन प्रकारचा असतो, हे मंडळाने फार लवकर ओळखलं होतं. एक, ओसंडू न देणं. दुसरा, कळू न देणं. पहिल्याला नवे पाइप, उपशाची यंत्रं आणि माणसं लागतात. दुसऱ्याला खिडकी बंद केली तरी चालते. मंडळाने जनतेच्या पैशाची बचत केली. तक्रारीचा फोन ज्या खोलीत होता ती खोली दुरुस्तीसाठी रिकामी करण्यात आली (फोन तिथेच राहिला, कारण तो चालू होता). पाहणीला जाणाऱ्यांनी पावसात जाऊ नये, कारण पावसात काय कुठून आलं ते नीट दिसत नाही. आणि उन्हात जाऊ नये, कारण तेव्हा सुकलेलं असतं. शिवाय व्याख्या स्पष्ट करण्यात आली. रस्त्यावरचं पाणी आणि मॅनहोलमधलं पाणी एकाच पातळीला असेल, तर वाहिनीतून पाणी बाहेर आलं असं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येत नाही. ते केवळ भेटलेलं असतं. परिणामी उत्तर विभागातलं ओसंडण्याचं प्रमाण एका वर्षात शंभर टक्क्यांनी घटलं. जगातल्या पुढारलेल्या शहरांनाही हे साधलेलं नाही. त्यांच्याकडे लोक अजून पाहणीला जातात.

वर्ष संपत आलं असताना, एका सकाळी, उकिडव्यांच्या मोरीची जाळी आपोआप वर उचलली गेली.

आधी बुडबुडे आले, मग काळं पाणी, मग गल्लीतल्या सगळ्या घरांचा सारांश. रजनीताई बादली आणि खराटा घेऊन धावल्या. उकिडवे दाढी करत होते.

"अहो, मोरीतून पाणी येतंय."

"रजनी," उकिडवे आरशातून नजर न हलवता म्हणाले, "हे तू मला सांगू नकोस."

"बरं, नाही सांगत," रजनीताई म्हणाल्या. "पाय वर घ्या."

उकिडव्यांनी पाय वर घेतले. यात माहिती असण्याचा प्रश्न नव्हता. पत्नीने सांगितलं म्हणून पाय वर घेणं हा संसाराचा भाग आहे. त्याच न्यायाने त्यांनी पलंगाखाली विटा लावल्या, तांदळाचा डबा फ्रिजवर ठेवला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कचेरीला गेले. गल्लीतलं झाकण कारंज्यासारखं उसळत होतं. उकिडवे त्या वेळी आकाशाकडे पाहत होते. आकाश निरभ्र होतं, याची त्यांनी मनात नोंद घेतली आणि ती लगेच रद्द केली.

दुपारी रिकाम्या खोलीतला फोन फार वेळ वाजला. शेवटी इतरांना काम सुचेना म्हणून उकिडवेच उठले. पलीकडे एक वृद्ध बाई बंगालीमिश्रित हिंदीत सांगत होत्या, की बागबाजारला त्यांच्या दारात नरक आला आहे.

"संबंधित अधिकारी जागेवर नाहीत," उकिडवे आवाज बदलून म्हणाले.

"सलीलबाबू," बाई म्हणाल्या, "मी वरच्या मजल्यावरून बोलतेय. तुमची घरमालकीण."

त्या सुचित्रा माशीमा होत्या. माशीमा म्हणजे मावशी; गल्लीत सगळे त्यांना तेच म्हणत, उकिडवेही. ते म्हणाले, "माशीमा, घरी आल्यावर बोलू."

"घरी याल कसे? जिना तेवढा कोरडा आहे."

घरी आल्यावर ते त्याविषयी बोलले नाहीत. माशीमांनी चहा पाठवला, सुरुची पायरीवर बसून अभ्यास करू लागली, आणि आठवड्याभरात कुटुंबाला त्या पाण्याची इतकी सवय झाली, की रजनीताई पाहुण्यांना "जपून या" एवढंच म्हणत. कशापासून ते म्हणत नसत. नाशिकहून आईचा फोन आला तेव्हा "इथे सगळं छान" असं दोघांनीही सांगितलं.

मग सुरुचीला ताप आला. ती जेवेना. रजनीताईंनी तिला खिडकीपाशी नेऊन डोळ्यांची पापणी खाली ओढली, आणि नवऱ्याला हाक मारली. या वेळी उकिडव्यांनी 'सांगू नकोस' म्हटलं नाही. मुलीचे डोळे हळदीसारखे पिवळे होते.

डॉक्टरांनी कावीळ सांगितली. "पिण्याच्या पाण्यात कुठे ड्रेनेजचं पाणी मिसळतंय का?" त्यांनी विचारलं.

उकिडवे खुर्चीत बसले होते. रजनीताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"बाबा," सुरुची झोपल्या झोपल्या म्हणाली, "मी नळाचंच जल खाल्लं होतं. चूक झाली का?"

"नाही बाळा," उकिडवे म्हणाले, आणि डॉक्टरांकडे वळले. "हो. मिसळतंय. आमच्या दारातून."

त्यांनी त्याच दिवशी कचेरीत बसून प्रतिवेदन लिहिलं. अक्षर सरकारीच होतं. सुरुची नीट होऊ दे, बदली गेली तरी चालेल, असं रजनीताईंनी न विचारता सांगितलं होतं आणि मग आईला फोन लावायला त्या जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

मंडळात खळबळ उडाली. नियम अस्तित्वात आल्यापासून कोणी ते पाळले नव्हते. मुख्य अभियंता नूपुर लाहिरी यांनी उकिडव्यांना आत बोलावलं. बाई फार सहृदय होत्या, त्यांनी आधी मुलीची चौकशी केली, डाभाचं, म्हणजे शहाळ्याचं, पाणी द्यायला सांगितलं, आणि मग विचारलं, "तुम्हाला हे कळलं कसं?"

"घरात आलं, मॅडम."

"म्हणजे पाहणीत नाही. अधिकृत पाहणीचा हुकूम होता का?"

"मी तिथे राहतो."

"हीच अडचण आहे," बाई हळहळून म्हणाल्या. "हे ज्ञान खाजगी आहे, उकिडवे. सार्वजनिक वाहिनीबद्दल खाजगी ज्ञान मंडळाला घेता येत नाही."

उकिडवे पहिल्यांदाच वरिष्ठांसमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. "मॅडम, माझी मुलगी आजारी आहे. गल्लीत आणखी चार घरांत कावीळ आहे. झाकण उघडून माणसं पाठवा. मला बदली नको."

म्हणून समिती नेमण्यात आली. समितीने झाकण उघडलं नाही, पण प्रकरणाच्या मुळाशी मात्र ती गेली. तिचे निष्कर्ष असे : पाणी उकिडव्यांच्या मोरीतून आलं, मोरी घराची, घर खाजगी, सबब ओसंड घरगुती. वाहिनीवर भार टाकणाऱ्यांत उकिडवे कुटुंब स्वतः मोडतं, सबब कारणही घरगुती. गल्लीतल्या इतर घरांतली कावीळ ही मंडळाच्या अखत्यारीत येत नाही, कारण ती वाहत नाही. उत्तर विभागाचं वर्ष निर्दोष ठरलं. आणि निर्दोष वर्षाबद्दल श्री. उकिडवे यांची, त्यांनी मागितल्याप्रमाणे, नाशिकला बदली करण्यात आली. त्यांनी ती परत केली होती, पण परत केल्याचं मंडळाला कळलं नाही.

सुरुची महिन्याभरात सावरली. सामान बांधताना रजनीताई एकदा थांबल्या. "आपण जायचं का खरंच?"

"आईचं ऑपरेशन आहे," उकिडवे म्हणाले. दोघांनीही दुसरं कारण काढलं नाही.

निघताना ते किल्ली द्यायला वर गेले. माशीमांनी सुरुचीच्या हातावर संदेश मिठाई ठेवली. उकिडवे बराच वेळ दारात घुटमळले. "पाणी उकळून प्या, माशीमा."

"उकळूनच पिते," त्या म्हणाल्या. "आता फोन कोण उचलेल?"

उकिडव्यांनी वाकून नमस्कार केला. मग ते खाली स्टेशनच्या टॅक्सीत जाऊन बसले.

त्या गल्लीतलं झाकण अजून उसळतं. ही गोष्ट मंडळाला कळलेली नाही. आता तुम्हाला मात्र कळली आहे. घाबरण्याचं कारण नाही, बागबाजार तुमच्यापासून लांब आहे. तुमच्या स्वतःच्या गल्लीच्या टोकाला जे झाकण आहे, त्याबद्दलही आम्ही विचारत नाही. आम्हांला तुमच्याविषयी फक्त आदर आहे. न कळण्यासाठी त्या मंडळाला एक नियमावली, एक समिती आणि एक रिकामी खोली लागली. तुम्हाला आज सकाळी नाकाला नुसता रुमाल पुरला.