नारायणरावांचे मीठ, समाजाचे पाणी

रोग्याला रोग एकच असतो. त्याची कारणे मात्र भेटायला येणाऱ्यांइतकी असतात. झाशीच्या आम्हा मराठी मंडळींनी हे शास्त्र फार पुढे नेले आहे. (डॉक्टर येतो तो अगदी शेवटी, तोही शंका काढायला.)

निवृत्त हेडक्लार्क नारायणरावांचे बीपी जरासे वाढले आणि समाज धावून आला. मीठ त्याच दिवशी बंद झाले. नगरा मोहल्ल्यातल्या शिवाजीरावांनी स्वतः घेत असलेली, लघवी वाढवणारी गोळी उदार मनाने सुरू करून दिली. "हमको तो बहुत फायदा हुआ, दादा!" आणि भेटायला येईल त्याने आपल्या हाताने पाण्याचा पेला पाजायचा, असे ठरले. एकाचा घेऊन दुसऱ्याचा नाकारणे म्हणजे अपमान. नारायणराव सभ्य गृहस्थ. त्यांनी कोणाचाही अपमान केला नाही.

मग एका सकाळी ते पत्नीला, कुसुमावतीबाईंना, म्हणाले, "बहनजी, आप किसके यहाँ से आई हैं?"

बाई आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडल्या. सगळा संसार ज्याच्यासोबत केला, त्याच्याच घरात त्या पाहुण्या झाल्या होत्या.

रक्त तपासले, सोडियम, म्हणजे रक्तातले मीठ, भलतेच उतरलेले. समाजाने तातडीने कारणे शोधली: चिरगाँवच्या लग्नातल्या पुऱ्या, दृष्ट, दक्षिणेकडचे दार. (शंभरात नव्वदांनी रिपोर्ट न पाहताच निदान केले, उरलेल्या दहांनी तो उलटा धरून पाहिला.) उपाय मात्र एकमताने निघाला: आणखी पाणी.

डॉक्टरने फक्त विचारले, "खाते क्या हैं, पीते क्या हैं, गोली कौन सी?" उत्तर ऐकून, गोळीने मीठ गेले, पाण्याने उरलेले पातळ झाले, म्हणूनच हा भ्रम, असे सांगत त्याने गोळी बंद केली, पाणी मोजून द्यायला सांगितले आणि मीठ हळूहळू वर आणले.

"पानी से भी कोई बीमार होता है?" शिवाजीराव बाहेर म्हणाले. डॉक्टर अजून लहान आहे, असा ठराव झाला.

काही दिवसांनी नारायणरावांनी घास घेतला आणि तोंड वाकडे केले. "कुसुम, वरणात मीठ नाही."

एवढी गोड तक्रार बाईंनी जन्मात ऐकली नव्हती.

आता त्या दारातच बसतात, शेजारी भरलेली कळशी. जो उपाय सांगेल, त्याने आधी ती पिऊन रिकामी करायची. शिवाजीराव दोनदा येऊन गेले. हल्ली लांबूनच नमस्कार करतात.

वाचता वाचता तुम्हालाही एक रामबाण उपाय आठवला आहे, हे आम्ही जाणतो. जरूर या. कळशी भरलेलीच आहे.