केबल क्रमांक चार : ठीक

पावणेअकरा वाजता कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला आणि सुपरवायझरसाहेबांच्या चेहऱ्यावर तेज चढलं. घरात काही बिघडलं की आपण जगात कशासाठी आलो ते त्यांना आठवत असे.

"अगं, घाबरू नकोस. मी आहे ना!" ते म्हणाले.

बायको घाबरली ती हे ऐकूनच.

तसं घाबरण्याचं कारणही होतं. अकरा वाजता तिची मुलाखत होती, मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी, घरूनच, कॉम्प्युटरवरून. एकवीस वर्षं ती एकाच शाळेत गणित शिकवत होती. ही जागा दोनदा हातातोंडाशी येऊन निसटली होती आणि वयाच्या अटीमुळे आजची खेप शेवटची होती. साडेदहालाच तिने सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. 'कृपया थांबा, समिती तुम्हाला आत घेईल' अशी पाटीही पडद्यावर आली होती. ती केस नीट करायला आतल्या खोलीत गेली आणि परत येऊन बघते तो पाटी गायब, पुढे नुसता अंधार. टेबलाखालचा कॉम्प्युटरचा खोका मात्र शांतपणे घुमत होता.

"अहो, मागची वायर निघाली असेल. बघा ना जरा."

साहेबांनी कीव आल्यासारखं हसून एक जाडजूड वही उघडली. कारखान्यात ते पंपांची देखभाल बघत. हुद्दा तिथला असला तरी रुबाब चोवीस तास घरी चाले. घरातल्या एकूण एक वायरीला त्यांनी क्रमांकाची चिठ्ठी डकवली होती. दर रविवारी वायर काढायची, पुसायची, परत बसवायची आणि वहीत सही करायची असा नियम होता. फक्त क्रम थोडा वेगळा होता. ते सकाळी चहाबरोबर पानभर सह्या उरकून घेत आणि मग सवडीने कामाला लागत. कारखान्यातही असंच करतात म्हणे. तिथले पंप तरीही कसे चालतात, हे विचारायची सोय नव्हती.

"हे बघ. केबल क्रमांक चार, खोका ते पडदा. आजचा रविवार, आजची तारीख. तपासली, ठीक. खाली सही."

"सही कुणाची?"

"माझी!"

"मग एकदा वाकून बघायला काय हरकत आहे?"

"सही झालेलं काम पुन्हा तपासायचं म्हणजे सही करणाऱ्यावर अविश्वास. आमच्याकडे यावरून संप झालाय."

मग साहेबांनी निदान सुरू केलं. खोका घुमतोय म्हणजे पंप चालू आहे, पडदा काळा आहे म्हणजे पुढे पाणी येत नाही, तेव्हा मध्ये कुठेतरी गाळ अडकलाय, इथपर्यंत त्यांची खात्री पटली. त्यांनी पडदा दोन्ही हातांनी उचलला, हलवला, कानाशी धरला आणि आतला आवाज ऐकत सावकाश स्वतःभोवती गोल फिरले. पडद्यावर चिमट्याने बसवलेला कॅमेराही त्यांच्याबरोबर फिरला. न आवरलेली गादी, दोरीवरचे साहेबांचे बनियन आणि खुर्चीत बसलेल्या त्यांच्या आई, असं सगळं घर बघून तो जागेवर आला.

"अरे, त्या कॅमेऱ्याला हिरवा दिवा का लागलाय?" आईंनी विचारलं.

"तो असतोच, आई."

"एरवी नसतो."

"तुला यातलं काय कळतं?"

आईंना यातलं काहीच कळत नव्हतं. त्यांना फक्त दिसत होतं.

अकरा वाजून दोन मिनिटं झाली. बायकोने फोनवरून मुलाखतीत शिरायचा प्रयत्न केला, तर 'तुम्ही आधीच हजर आहात' असं उत्तर आलं.

"बघ, फोनपण बिघडला!" साहेब खूश झाले. "एका वेळी दोन यंत्रं म्हणजे दोष विजेत आहे."

तिने शाळेच्या ऑफिसात फोन लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलेना. तोवर साहेबांनी खिडकीतून हाक मारून तळमजल्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला वर बोलावलं होतं. त्याने दारातूनच निकाल दिला.

"पडदा गेला, साहेब."

"गेला कसा? दिवा लुकलुकतोय त्याचा."

"जाताना लुकलुकतोच. खोलून दाखवू का?"

"आधी विजेचं बघायचं!"

"वीज नसती तर लुकलुकला कसा असता, साहेब?"

दोघांची चांगलीच जुंपली. एकाने पंपाचे दाखले दिले, दुसऱ्याने टीव्हीचे. घड्याळात सव्वाअकरा झाले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून साहेबांना समजूत घालायची लहर आली.

"जाऊ दे गं. त्या समितीत तरी कोण बसलेत? पाच ढुढ्ढाचार्य! त्यांना काय कळतं शाळेतलं?"

"त्यांना कळतं की नाही ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "पण मी एकवीस वर्षं वाट बघतेय. माझी ही शेवटची संधी आहे, तुमचा पंप नव्हे."

तिने डोळे पुसले आणि पुढचं वाक्य आलं ते थेट नववी 'क'च्या वर्गातल्या आवाजात.

"बास! दादा, तुम्ही स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवा आणि दारापाशी उभे राहा. अहो, तुम्ही वही घेऊन त्या कोपऱ्यात. मी विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. आई, तुम्ही मघाशी दिव्याचं काय म्हणत होता?"

"तो अजून चालू आहे गं. म्हणजे ते यंत्र जागं आहे, आपल्यालाच दिसत नाहीये."

ती इस्त्रीच्या कपड्यांनिशी टेबलाखाली शिरली. खोक्यामागे केबल क्रमांक चार जमिनीवर निवांत पडली होती, स्वच्छ पुसलेली, चिठ्ठीसकट. साहेबांनी ती काढून पुसली होती, तेवढ्यात आईंनी डब्याचं घट्ट झाकण उघडायला त्यांना हाक मारली होती. सही सकाळीच झालेली असल्यामुळे त्यांना परत यायचं कारण उरलं नव्हतं.

तिने वायर खोचली. पडदा उजळला आणि त्यात पाच माणसं दिसली. एक जण चष्मा काढून डोळे पुसत होता, एका बाईंनी तोंडात रुमाल कोंबला होता.

"नमस्कार," मधल्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "आम्ही अकरापासून इथेच आहोत. हाका मारल्या पुष्कळ, पण तुम्हाला ऐकू गेल्या नसाव्यात."

आवाजही पडद्यातूनच येतो, हे साहेबांना कोपऱ्यात उभ्या उभ्या आठवलं.

"मी... मी ऑफिसात फोन केला होता," ती कशीबशी म्हणाली.

"वाजत होता. पण उठून जायचं कुणाच्या जिवावर येईना."

कडेचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ पुढे झुकले. "नमस्कार, साहेब. मी ढुढ्ढाचार्य, पाचांतला सर्वांत थोरला."

साहेबांनी वही छातीशी धरून नमस्कार केला. बोलायची परवानगी त्यांना अजून मिळालेली नव्हती.

"आमचा मुख्य प्रश्न असा होता," अध्यक्षबाई म्हणाल्या, "की आपल्याला सगळंच येतं असं समजणाऱ्या सहकाऱ्यांना तुम्ही कसं सांभाळाल? तो आता विचारत नाही. आमच्याकडे तसे चार आहेत. जमेल?"

तिने केसांतलं जळमट काढलं आणि खुर्चीत ताठ बसली.

"खोलीला कोपरे चार असतात," ती म्हणाली. "जमेल."

बुधवारी नेमणुकीचं पत्र आलं. साहेबांनी ते कारखान्यात सगळ्यांना दाखवलं आणि त्या दिवशी आपण पडद्याची बाजू कशी लावून धरली तेही सांगितलं.

पुढच्या रविवारी चहाबरोबर सह्या उरकायला त्यांनी वही उघडली. मागच्या पानावर केबल क्रमांक चारसमोरच्या सहीवर लाल शाईची तिरकी रेघ होती आणि शेजारी वळणदार अक्षरात शेरा होता : 'काम न करता सही केली आहे. या पानावर पालकांची सही आणणे.'

साहेबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथून कुणी बाहेर येईना. शेवटी ते वही घेऊन आईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले.

आईंनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला आणि पेन हातात घेतलं.

"करते सही," त्या म्हणाल्या. "पण आधी चल, वायर दाखव."