वाणाची पिशवी

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास तनुजा केस पुसत न्हाणीघरातून बाहेर आली आणि दाराजवळच्या खुंटीकडे पाहून जागच्या जागी थिजली. खुंटीवर दोन पिशव्या असायला हव्या होत्या. एकच होती.

तिने धावत जाऊन पिशवी उघडली. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं जिथल्या तिथे होतं. म्हणजे आत्याबाई, अर्थात तिच्या सासूबाई वच्छलाबाई, ओटीची पिशवी घरीच ठेवून गेल्या होत्या. आणि बरोबर नेली होती ती दुसरी.

"देवा रे!" म्हणून तनुजा पायपुसण्यावरच बसली.

दोन्ही पिशव्या सारख्या, हा दोष तिचाच. संक्रांतीच्या वाणाला काय लुटावं याचा काथ्याकूट नको म्हणून तिने गुलमंडीच्या बाजारातून शंभर पिशव्या एकदम आणल्या होत्या. सगळ्या हिरव्या, सगळ्यांवर एकच मोर. त्यातल्या एका मोराच्या पोटात आज जुन्या टॉवेलात गुंडाळलेली व्हिस्कीची बाटली होती.

त्याचं असं होतं. तनुजा शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरभरतीचं काम पाहायची. महिन्यातून एकदा ती आणि तिच्या सहा मैत्रिणी जमत. कधी जालना रोडवरच्या हॉटेलच्या गच्चीवर एखादं नवं कॉकटेल चाखायला, कधी श्रेयाच्या फ्लॅटवर. घोट लहान आणि गप्पा मोठ्या. आधी ग्लास नाकाशी धरायचा, वास ओळखायचा, दोन थेंब पाणी घालायचं, मग जीभ ओली करायची, आणि कसला वास आला ते वहीत लिहायचं. वही तनुजाकडे असे, आणि दिवाळीपासून प्रेरणाने स्कॉटलंडहून आणलेली ही अर्धीमुर्धी बाटलीही. ती साड्यांच्या कपाटात मागे आडवी दडवलेली होती. आज संध्याकाळी श्रेयाकडे न्यायची म्हणून सकाळीच खुंटीला आली.

घरी या सगळ्याचं नाव 'भिशी' होतं. तिच्या नवऱ्याला, शिवमला, खरं ठाऊक होतं, पण तो म्हणायचा, "आईला तूच सांग. मी त्यात नाही." आणि आज तो कामासाठी पुण्यात होता.

पण आईला सांगायचं कसं? करमाडच्या पुढे त्यांचं गाव. दहा वर्षांपूर्वी तिथे दारूच्या दुकानासाठी बायकांचं मतदान झालं. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर म्हणजे बंद करा. वच्छलाबाई उन्हातान्हात घरोघर फिरल्या आणि गावातल्या बायांनी बाटली आडवी केली. आज त्याचाच सत्कार होता.

त्यातून वच्छलाबाईंचा नेम असा, की आंघोळ झाल्यापासून पूजा पुरी होईपर्यंत मौन. आज गावच्या महादेवाला अभिषेक करायचा, म्हणून मौन तिथपर्यंत लांबलेलं. गावची गाडी ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आली असणार. सून न्हाणीघरात, तिला हाक मारता येईना. दोन पिशव्या हातांत तोलून पाहिल्या असणार, आणि नारळ जड असतो म्हणून जड होती ती उचलली असणार. त्यांचा मोबाइल देवघराशेजारी तसाच पडला होता.

तनुजाने प्रेरणाला फोन लावला. प्रेरणा दातांची डॉक्टर. कुणाचंही तोंड उघडायची तिला सवय.

"प्रेरणा, बाटली गेली."

"फुटली?"

"नाही गं. सत्काराला गेली."

"कुणाच्या?"

"आत्याबाईंच्या."

पलीकडे गाडीच्या किल्ल्या खुळखुळल्या. मग प्रेरणा म्हणाली, "साडी नेस. मी गाडी काढते, श्रेयाला वाटेत घेऊ."

ओटीची पिशवी मांडीवर घेऊन तनुजा गाडीत बसली. वाटेत तिने मनात तीन वेळा रामरक्षा म्हटली. तिसऱ्या वेळी मधल्या ओळी गाळल्या, पण घाईतल्या भक्ताचं देव सांभाळून घेतो.

देवळासमोर मांडव होता. मागे भलामोठा फलक, त्यावर आडवी बाटली. माइकपाशी सूत्रसंचालन करणारे सांडूभाऊ "हॅलो, हॅलो" करत होते. आणि मांडवात पन्नास-साठ बाया बसल्या होत्या. प्रत्येकीशेजारी हिरवी पिशवी, प्रत्येक पिशवीवर मोर.

"अरे यार," श्रेया पुटपुटली, "ही तर मोरांची बरात आहे!"

संक्रांतीला उरलेल्या पिशव्या आत्याबाईंनीच गावात वाटल्या होत्या. त्या गाभाऱ्यात अभिषेकाला बसलेल्या, आणि त्यांची पिशवी या कळपात कुठेतरी.

"टेन्शन नको घेऊ," प्रेरणा म्हणाली. "आपण सगळ्यांच्या पाया पडू. एक हात पायाला, एक पिशवीला."

तिघी तीन रांगांत शिरल्या. शहरातल्या बाया वाकवाकून नमस्कार करताहेत हे पाहून मांडव गहिवरला.

"कुणाच्या लेकी गं ह्या?" आशाबाईंनी विचारलं. मतदानाच्या वेळी वच्छलाबाईंच्या पाठीशी पहिल्यांदा उभी राहिली ती हीच बाई.

"वच्छलाबाईंच्या सुनेच्या मैत्रिणी. मी दातांची डॉक्टर," वाकलेली प्रेरणा म्हणाली.

"डॉक्टरीण हाय ती, अन् पाया पडती बघा! आमच्या घरच्या मोबाइलातनं मान वर काढंनात."

श्रेयाचा हात एका पिशवीत जरा जास्तच रेंगाळला. म्हातारीने तो धरला. "मुळा हाय माय. पायजे व्हय? घे की, लाजती काऊन?"

नको म्हणायला श्रेयाला तोंड नव्हतं. मुळा घेतला हे पाहून शेजारणीने बोरं दिली. तिच्या पलीकडचीला वाटलं आपण मागे का राहावं. तिने हरभऱ्याचा ढाळाच काखेत कोंबला. रांग संपेपर्यंत श्रेया चालताफिरता मळा झाली होती. बाटली मात्र कुठेच नव्हती.

इतक्यात घंटा वाजली. वच्छलाबाई ओल्या अक्षता लावलेल्या कपाळाने बाहेर आल्या, आशाबाईंच्या पलीकडची पिशवी न चुकता उचलली आणि मंचावर चढल्या. तनुजा त्या पिशवीपासून दहा हातांवर होती.

"आता वच्छलाकाकू दोन शब्द बोलतील," सांडूभाऊ म्हणाले.

"थांब सांडू. आधी आशाबाईची ओटी. सारं गाव मला हसत होतं तवा ही एकटी माझ्यासंगं उभी ऱ्हायली."

आशाबाई लाजत मंचावर गेल्या. त्यांचे मालक फकिरा पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून, पूर्ण शुद्धीत, डोळे पुसत होते. वच्छलाबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि नारळासाठी हात आत घातला.

हात आत गेला आणि थांबला. त्या हाताने आयुष्यात शेकडो बाटल्या पकडून दिल्या होत्या. टॉवेलातूनही त्याला काय लागलं ते सांगायची गरज नव्हती. तनुजाने डोळे मिटले. दोन वर्षांच्या सगळ्या भिशा तिच्या मिटल्या डोळ्यांपुढून गेल्या.

"काय झालं काकू?" सांडूभाऊंनी माइकमधूनच विचारलं. "नारळ नाय व्हय?"

"नारळ घरी ऱ्हायला." वच्छलाबाईंचा हात रिकामा बाहेर आला. "पण माझी सून मागं घेऊन आली बघ. ये गं तनू."

तनुजा बायांमधून वाट काढत मंचावर गेली. नारळाची पिशवी तिने पुढे केली.

"मग ह्या पिशवीत काय हाय?" सांडूभाऊंचा आवाज चारी कर्ण्यांतून घुमला.

मांडवाने कान टवकारले. वच्छलाबाई खोटं बोलत नसत. तोही नेमच होता. त्यांनी पिशवीचं तोंड नीट मिटलं.

"माझ्या सुनेची वस्तू हाय. चुकून माझ्या हाती आली. जिची तिला देते."

"इकडं बघा!" म्हणून फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. सासू देते आहे, सून घेते आहे, आणि दोघींच्या डोक्यावर फलकातली आडवी बाटली.

ओटी भरून झाली. मग वच्छलाबाई बोलल्या. "आमचं भांडण बाटलीशी नव्हतं. फकिरा येतोय म्हटलं की आशाबाई लेकरं घेऊन ज्वारीत लपायची, त्या भीतीशी होतं. जिथं घरचं माणूस घरच्या माणसाला भितं, तिथं देव बसत नाय. भिऊन कुणी कुणापासनं काय लपवू नये, येवढंच मागणं हाय माझं."

टाळ्या पडल्या. तनुजाला त्या ऐकू आल्या नाहीत. शेवटचं वाक्य म्हणताना आत्याबाईंनी कुठे पाहिलं, ते तिने पाहिलं होतं.

परतीच्या वाटेवर वच्छलाबाई प्रेरणाशेजारी पुढे बसल्या आणि गप्प झाल्या. मौन तर अभिषेकालाच सुटलं होतं. मग हे कसलं? मागे श्रेया मुळा-बोरं सांभाळत बसली होती, तनुजा बाटली. चिकलठाण्यापाशी वच्छलाबाई एवढंच म्हणाल्या, "गाडी लई बेतानं चालवती गं पोरी तू."

घरी आल्यावर तनुजाने चहा केला. दोघींनी तो प्यायला. कपातला तळ दिसू लागला तेव्हा वच्छलाबाईंनी विचारलं, "भिशी बरी चालली ना गं तुमची?"

तनुजाचा हुंदकाच फुटला. "आत्याबाई, चुकलं माझं. बंद करते मी."

"मी कुठं म्हटलं बंद कर? मला कवाचं ठावं हाय. भिशीहून आलेली बाई चार दिवस कुणाच्या ना कुणाच्या नावानं कुरकुरती. तू येतीस ती ओट्याशी गाणं म्हणत."

"मग बोलला का नाहीत?"

"सांगशील म्हणून वाट पाह्यली. माझं मौन सकाळपुरतं असतंय माय. तुझं दोन वर्सं चाललं."

तनुजा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. त्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. "ते पिणं मला पटत नाय, अन् पटणार बी नाय. पण तू हसती, ते पटतं. आता ऊठ. अन् ही बाटली आडवी काऊन ठेवती गं? बूच भिजून गळती ना! दिवाळीपासनं तुझ्या पैठण्यांना वास मारतोय. त्या बाटलीला कवा हात नाय लावला मी, दुसऱ्याची वस्तू. पण साड्यांत कापूर ठेवून ठेवून थकले."

तनुजाने डोकं वर केलं. कपाटातला कापूर तिला वाटलं होतं कसरीसाठी आहे.

वच्छलाबाईंनी ओलसर टॉवेल सोडवला, बाटली पदराने पुसली आणि टेबलावर ठेवली. "बाटली उभीच ठेवायची असती," त्या म्हणाल्या. आपण काय बोललो ते मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी तोंडाला पदर लावला, आणि सासूसुना डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

पाच वाजता निघताना त्यांनी सुनेच्या हातात डबा दिला. श्रेयाने गाडीत विसरलेला ढाळा त्यांनी उतरताना उचलला होता; तो आत भाजून सोललेला होता. "रिकाम्या पोटी बसू नका. अन् येताना रिक्षानं ये."

संध्याकाळी श्रेयाकडे सातजणींनी ग्लास नाकाशी धरले. वही हातोहात फिरली. ती तनुजाकडे आली तेव्हा वासाच्या रकान्यात सहाजणींनी आपापल्या हस्ताक्षरात एकच शब्द लिहिला होता: कापूर.

"स्कॉटलंडात कापूर घालतात का गं यात?" प्रेरणाने विचारलं.

तनुजाने ग्लास नाकाशी धरला होता, आणि बराच वेळ तो खाली ठेवला नाही.